ढबू मिरचीसमोरचं बटण

विजयसिंह लाटवडे नगराध्यक्षपदाला उभे राहणार, ही बातमी करंजवड्यात पसरली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कारण गावानं ती दुसऱ्या विजयसिंह लाटवड्यांची समजली.

करंजवडे म्हणजे कोल्हापूरहून कागलकडं निघालं की हायवे सोडून आत चार किलोमीटर. त्याला गाव म्हटलेलं तिथल्या लोकांना आता चालत नाही. नगरपरिषद होऊन नऊ वर्षं झाली, शहर म्हणायचं. या शहरात विजयसिंह लाटवडे दोन. एक दादासाहेब. त्यांची दूधसंस्था, त्यांचा पेट्रोल पंप, आणि चौकातल्या प्रत्येक फलकावर हात जोडलेले तेच. दुसरे म्हणजे आपले. हे कोल्हापूरच्या बसस्थानकावर एकतीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, याची नोंद ठेवायची आणि माईकवरून पुकारायचं. गावात त्यांना कंट्रोलर याच नावानं हाक मारत. विजयसिंह हे खरं नाव बायकोला, एस.टी.च्या कार्यालयाला आणि पोस्टमनला माहीत, आणि त्यातला पोस्टमन नेहमी चुकायचा.

चुकणारच बिचारा. एकाचे वडील आण्णासाहेब, दुसऱ्याचे आकाराम. म्हणजे दोघेही वि. आ. लाटवडे. दादासाहेबांच्या लग्नपत्रिका कंट्रोलरांकडं यायच्या आणि कंट्रोलरांचा गॅस सिलिंडर दादासाहेबांच्या दारात उतरायचा. एकदा तर एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेला अध्यक्ष म्हणून बसायचं निमंत्रण आलं होतं. कंट्रोलर इस्त्रीचे कपडे घालून निघालेही होते. त्यांना उंबऱ्यातून मागं फिरावं लागलं, तो सल अजून गेला नव्हता.

निवृत्तीला दीड वर्ष झालं होतं. अशा माणसाकडं एका सकाळी सम्राट आला आणि वाकून पाया पडला. सम्राट हा राजवीर सासन्यांचा उजवा हात. राजवीर सासने म्हणजे दादासाहेबांच्या विरोधातले उमेदवार. दोघांचे पक्ष मोठे. मुंबईत ते एकत्र, दिल्लीत एकत्र, आणि करंजवड्यात एकमेकांच्या दारावरूनही जात नव्हते. सम्राट म्हणाला, दोन्ही पक्षांना लोक कंटाळलेत. राजवीरभाऊ स्वतःच म्हणतात की गावाला वेळेचा माणूस पाहिजे. तुम्ही अपक्ष उभं राहा, फॉर्म भरायची सगळी धावपळ आम्ही करतो.

एका उमेदवाराचा माणूस दुसऱ्या उमेदवाराला आपणहून का उभा करतोय, हा प्रश्न कुणालाही पडला असता. कंट्रोलरांना तो पडला नाही. त्यांना एकदम ती राहिलेली अध्यक्षपदाची खुर्ची दिसली.

त्यांच्या पत्नी संयोगिताबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या करंजवड्याला त्यांनी बाराखडी शिकवलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "सम्राट माझ्या वर्गात होता, तिसरीला. उगाच कुणाचं चांगलं चिंतणाऱ्यांतला नव्हता."

पण तोवर गल्लीत बातमी गेली होती आणि सल्ले सुरू झाले होते. शेजारचा बाबालाल हा एस.टी.चा निवृत्त ड्रायव्हर, आता स्वतःची रिक्षा चालवायचा. त्याचं म्हणणं, उमेदवारानं पांढरे कपडे घालायचे आणि कुणी काही विचारलं तरी 'बघतो' म्हणायचं. समोरच्या किराणावाल्यानं सांगितलं, पोट थोडं पुढं काढून चाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट आत घ्या. कंट्रोलर चार दिवस श्वास कसा घ्यायचा याच विवंचनेत होते.

मग कागदपत्रं. अर्ज संगणकावर भरायचा, भरून छापायचा, छापून सही करायची, आणि सही केलेला प्रत्यक्ष नेऊन द्यायचा. मग संगणक मध्ये कशाला आणला हे विचारायचं नाही. सूचकांच्या सह्या झाल्या. एका सूचकाची सही मतदार यादीतल्या नावाशी जुळेना, म्हणून तो बदलला. आणि शेवटी निघाला शौचालयाचा दाखला. उमेदवाराच्या घरी शौचालय आहे आणि उमेदवार त्याचा नियमित वापर करतो, असं लिहून द्यायचं होतं. नगरपरिषदेतल्या लिपिकानं सोबत फोटो मागितला. शौचालयाचा एकट्याचा फोटो चालणार नाही, कारण ते कुणाचंही असू शकतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा जाकीट घालून कंट्रोलर शौचालयाच्या दाराशी उभे राहिले आणि बाबालालनं फोटो काढला. चेहऱ्यावर काय भाव आणावा हे त्यांना कळेना. हसावं तर बरं दिसत नाही, गंभीर राहावं तर वेगळाच अर्थ निघतो. लिपिकानं फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, "नियमित ना?" एकतीस वर्षं सरकारी नोकरीत कुणी त्यांना असा प्रश्न केला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यांना हवी होती. मतदान यंत्रावर नावापुढं कंसात 'कंट्रोलर' असं यावं. नाहीतर विजयसिंह लाटवडे म्हणजे आपण, हे गावाला कळणार कसं? अधिकाऱ्यांनी यादी उघडली. यादीत 'कंट्रोलर' नव्हतं. यादीत नाही ते यंत्रावर नाही. कंट्रोलरांनी गल्लीतली बावीस माणसं साक्षीला आणली. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की यांना कंट्रोलरच म्हणतात. अधिकारी म्हणाले, "आम्हीही म्हणू की. पण यंत्र म्हणणार न्हाय."

छाननीत अर्ज मंजूर झाला. घरी येईपर्यंत कंट्रोलरांनी मनातल्या मनात दोन सत्कार स्वीकारले होते. दारात दादासाहेबांचा माणूस वाट बघत बसला होता. त्यानं चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग सरळ सांगितलं, उद्या माघारीचा शेवटचा दिवस आहे, अर्ज काढून घ्या. तुम्हाला सासन्यांनी नावासाठी उभं केलंय. दादासाहेबांना मत द्यायला आलेली माणसं नावाला फसून तुमचं बटण दाबणार, तेवढी मतं आमची जाणार. तुमचं काम एवढंच.

कंट्रोलरांना हे खरं वाटेना. ते तडक सासन्यांच्या प्रचार कार्यालयात गेले. तिथं सम्राट खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. या वेळी तो उठला नाही. कंट्रोलरांनी प्रचाराच्या रिक्षाबद्दल विचारलं. पत्रकं कधी छापायची विचारलं. सम्राट समजुतीनं म्हणाला, "कशाला दगदग करताय, सायेब? तुमी घरात बसा की. नाव यंत्रावर आलं, झालं तुमचं काम."

त्या वाक्यानं कंट्रोलर जे खचले ते घरी येऊन जाकिटासकट पलंगावर बसले. आपण उमेदवार नाही, आपण एक छपाईची चूक आहोत, असं त्यांना वाटायला लागलं. संयोगिताबाईंनी 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य उच्चारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच घडत होतं.

"मग उद्या माघार घेताय?" त्यांनी विचारलं.

कंट्रोलर म्हणाले, "माघार घेतली तर दादासाहेबांचं काम होणार. घरात बसलो तर सासन्यांचं. माझं काम ह्यात कुठलं?"

"ते तुम्ही ठरवा. पण उभं राहायचं तर नीट उभे राहा."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता माघारीची मुदत संपली, आणि त्या तासाला कंट्रोलर वहीत पाण्याचं वेळापत्रक आखत होते.

करंजवड्याला पाणी येत होतं, नाही असं नाही. फक्त कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं. कधी पहाटे पाचला, कधी दुपारी दीडला, कधी बाई साबण लावून बसली की जायचं. लोक घागरी मांडून तासन्‌तास नळाकडं बघत बसायचे. दोन्ही मोठ्या पक्षांनी जाहीरनाम्यात चोवीस तास पाणी लिहिलं होतं. ते वाचून लोक हसायचेही थांबले होते. कंट्रोलरांनी वेगळाच विचार केला. पाणी तासभरच येऊ दे, पण वेळेवर येऊ दे. ते सलग तीन दिवस टाकीपाशी जाऊन बसले, वॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याला चहा पाजला, कुठल्या भागाला चढ आहे, कुठली लाइन भरायला किती मिनिटं लागतात ते सगळं टिपून घेतलं. आणि तक्ता केला. माळ गल्ली, सकाळी सहा दहा. तालीम चौक, सहा पंचावन्न. नवी वसाहत, सात चाळीस. चुकलं तर नगराध्यक्ष स्वतः येऊन कारण सांगेल.

याच उत्साहात ते चिन्ह घ्यायला गेले. त्यांनी बस मागितली होती. ती आणखी एका अपक्षानं मागितली, चिठ्ठी टाकली, बस त्याला गेली. दुसरी पसंती घड्याळ. ते एका मोठ्या पक्षाचं चिन्ह असल्यानं अपक्षाला मिळणं शक्यच नव्हतं. उरलेल्या यादीतून त्यांच्या वाट्याला ढोबळी मिरची आली. आता कोल्हापूरकडं ढोबळी मिरचीला ढबू म्हणतात, आणि माणसाला ढबू म्हटलं तर त्याचा अर्थ भाजीशी संबंधित नसतो, डोक्याच्या जाडीशी असतो. शिवाय ही मिरची तिखटही नाही. या मुलखात उमेदवारानं सौम्य मिरची घेऊन मत मागायला जायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. दादासाहेबांच्या सभेत कुणीतरी म्हणालंच, हातात ढबू आणि उमेदवार बी तसाच. मांडव हसला.

पण माईक कंट्रोलरांच्या हातात होता. बाबालालच्या रिक्षाला कर्णा बांधून ते निघाले आणि करंजवडे ऐकतच राहिलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. याच आवाजानं त्यांना वर्षानुवर्षं कॉलेजला, बाजाराला, माहेराला घालवलं होतं. पहिल्या दिवशी सवयीनं थोडा घोळ झाला. "मतदारांनी लक्ष द्यावं," म्हणताना ते "प्रवाशांनी" म्हणाले, आणि तालीम चौकातून निघताना "ही रिक्षा नवी वसाहतमार्गे जाईल" असं जाहीर केलं. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या चौकात माणसं थांबून राहिली. खरंच सांगितलेल्या मिनिटाला रिक्षा आली. दोन दिवसांत अशी वेळ आली की लोक दादासाहेबांची सभा किती उशिरा सुरू झाली ते कंट्रोलरांच्या रिक्षेवरून सांगू लागले.

मंडईत भाजी विकणाऱ्या तानाबाईनं, वय पंचाहत्तर, आपल्या पाटीवर ढबूची उतरंड रचली आणि वर कंट्रोलरांचं पत्रक टाचलं. तासाभरात आचारसंहितेचं भरारी पथक आलं. चिन्हाचं प्रदर्शन होतंय म्हणून मिरच्या झाका म्हणाले. तानाबाई म्हणाली, झाकते, मग विकू कशा? पथकानं फोन केले. शेवटी असं ठरलं की पत्रक काढायचं आणि ढबू वांग्याच्या मागं ठेवायची. त्या दिवशी मंडईत येणारा प्रत्येक जण वांगी बाजूला सारून ढबू मागत होता. कंट्रोलरांना नोटीस आली. ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवली. मोठ्या उमेदवारांनाच नोटिसा येतात, असं बाबालालनं त्यांना सांगितलं होतं.

शेवटच्या आठवड्यात सम्राट घरी आला. या वेळी पुन्हा पाया पडला. म्हणाला, जरा आवरतं घ्या, आमच्या गल्लीतल्या बायका पण तुमचं वेळापत्रक दाराला चिकटवायला लागल्यात. तुम्ही त्यांची मतं खायची होती, आमची न्हवं. कंट्रोलरांनी त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "सम्राट, तुझ्या गल्लीला सात पंचवीस."

मतदानाच्या दिवशी ते पहाटेच आंघोळ करून बसले. गल्लीतली झाडून सगळी माणसं मत देऊन येताना बोट दाखवून जात होती. बाबालालच्या घरातली सहा, किराणावाल्याची पाच, डॉक्टरांची चार. संयोगिताबाई मैत्रिणींना घेऊन गेल्या आणि समाधानानं परतल्या. त्या रात्री कंट्रोलरांना झोप लागेना. त्यांनी नगराध्यक्ष म्हणून करायचं पहिलं भाषण दोनदा म्हणून पाहिलं आणि ते चार मिनिटं वीस सेकंदांत बसतंय हे घड्याळावर तपासलं.

मतमोजणी शाळेच्या सभागृहात होती. पहिल्या फेरीत दादासाहेब पुढं. दुसरीत सासने. कंट्रोलरांना दोन्ही फेऱ्या मिळून दीडशे. तिसरीत दादासाहेब, चौथीत पुन्हा सासने. बाहेर दोन्हीकडचे ढोल आळीपाळीनं वाजत होते आणि थांबत होते; ढोलवाले तेच होते, फक्त बाजू बदलत होते. शेवटची फेरी आली. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं: विजयसिंह आण्णासाहेब लाटवडे, सहा हजार एकशे चौदा. राजवीर सासने, सहा हजार सत्त्याऐंशी. विजयसिंह आकाराम लाटवडे, चारशे बारा.

सत्तावीस मतांनी दादासाहेब निवडून आले. गुलालाचा ढग उठला. सम्राट भिंतीला टेकून पुन्हापुन्हा आकडे मांडत होता. चारशे बारा मतं नावानं खाल्ली, तरी हे निवडून कसे आले, हे त्याला उमगत नव्हतं. कंट्रोलरांना वेगळंच लागलं होतं. जो तो म्हणत होता, ही चारशे बारा म्हणजे दादासाहेबांचीच, चुकून पडलेली. मग माझी किती? ती रिक्षा, ती उतरंड, दारादारांवरचं ते वेळापत्रक, त्यातलं एक तरी मत माझं आहे की नाही?

दोघं नवरा-बायको घरी परतली. घराचं कुलूप काढता काढता संयोगिताबाईंनी विचारलं, "अहो, यंत्रावर तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकाला होतं ना?"

"सातव्या. पक्षवाले वर, अपक्ष खाली."

किल्ली कुलपातच राहिली.

"तू कुठलं दाबलंस?"

"मी नाव वाचलं. लाटवडे, मग विजयसिंह, पुढं 'आ' दिसला. दाबलं."

"आणि ढबू?"

"चित्रं ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतात," संयोगिताबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, पूर्ण वाचा आणि मग उत्तर लिहा."

कंट्रोलर पायरीवरच बसले. आपल्या बायकोनं आपल्याविरुद्ध मत दिलं, यावर रागवावं कसं हे त्यांना सुचेना. दिलं तर आपल्यालाच होतं. बाबालाल कुंपणापलीकडून सगळं ऐकत होता, त्याचा चेहरा पडला. वैनी, दुसऱ्या नंबरलाच न्हवतं का, असं त्यानं हळूच विचारलं. आतून त्याची बायको खैरुनबी म्हणाली की तिनंही वरचंच दाबलं, नाव वाचूनच. बाबालाल चप्पल घालून निघाला. संध्याकाळपर्यंत तो गल्लीतल्या घराघरांत जाऊन आला. चौतीस माणसांनी दुसऱ्या क्रमांकाचं बटण दाबलं होतं, आणि त्यातली बहुतेक संयोगिताबाईंकडंच वाचायला शिकलेली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्या तानाबाईसारख्या माणसांनी मात्र बरोबर ढबू शोधून काढली होती.

चौतीस ऐकल्यावर कंट्रोलर उभे राहिले. दादासाहेब सत्तावीसनं निवडून आले होते.

"म्हंजे नगराध्यक्ष आपण केला," ते म्हणाले, आणि जाकीट चढवून दादासाहेबांच्या तालीम चौकाजवळच्या घराकडं चालू लागले. मागून बाबालाल, त्याच्या मागून संयोगिताबाई.

दादासाहेब गुलालानं माखून ओसरीवर बसले होते. कंट्रोलरांनी वेळापत्रकाचा तक्ता पुढं ठेवला आणि हकीकत सांगितली. चौतीस माणसं, त्यांची नावं, कुणी काय वाचलं. दादासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि इतके हसले की कानातला गुलाल खाली पडला. म्हणाले, कंट्रोलर, हे बाहेर बोलू नका, सासने कोर्टात जातील. तक्ता ठेवून जा, बघतो. तेवढ्यात मुंबईहून फोन आला म्हणून ते आत गेले.

ओसरीच्या कोपऱ्यात त्यांच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. वय नव्वदच्या घरात. त्यांनी कंट्रोलरांना जवळ बोलावलं. आतल्या दाराकडं एकदा बघून घेतलं.

"मी ढबू दाबली," आक्का म्हणाल्या.

कंट्रोलरांना वाटलं, हीही चूकच असणार. ते म्हणाले, "असू दे, आक्का. वय झालंय, हात चुकतोय कवातरी."

"हात न्हाय चुकला. घरात पोरगा पुढारी, पर नळ कवा यील त्ये कुणी सांगंना. तुमी सांगितलासा, सहा पंचावन्न." त्यांनी कंट्रोलरांच्या मनगटावर हात ठेवला. "कुठं बोलू नगासा. लेकरू हाय माझं."

परतताना कंट्रोलर एवढे भराभर चालत होते की बाबालालला धाप लागली. काय झालं म्हणून संयोगिताबाईंनी दोनदा विचारलं; त्यांनी नुसती मान हलवली. तालीम चौकात पानपट्टीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी हाक मारली, "काय कंट्रोलर, किती पडली म्हणायची शेवटी?"

कंट्रोलर थांबले. पोट थोडं पुढं काढलं.

"चारशे बारा," ते म्हणाले. "आणि त्यातलं एक लई वजनाचं हाय."